पहिल्या गाडीचा डबा

१६ ऑगस्ट २००६

कृषी केंद्रवाल्यानं ही डायरी फुकट दिली होती. प्रत्येक पानाखाली कापसाच्या पऱ्हाटीवर काय फवारायचं ते छापलेलं आहे, वर जागा कोरी. तिथं मी लिहिणार. पूनमसिंगला काही सांगायला जावं तर तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत "हं" म्हणतो. अशा नवऱ्याशी काय बोलायचं? आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकले, ते अक्षर मरू द्यायचं नाही. घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली चालते, पण लिहायला मराठीच शिकवली, म्हणून मराठीत.

काल झेंड्यापाशी तांड्याच्या नायकानं आमच्या शामला पुढं बोलावलं. म्हणाला, हा आपल्या तांड्याचा पहिला इंजिनियर, दुसऱ्या वर्षाला गेला. टाळ्या झाल्या. शाम जमिनीकडं पाहत उभा. लाजतो.

आज तो यवतमाळला गेला. गाडीत चढताना मी नेहमीचं सांगितलं, "नीट शीक. नापास झाला तर तोंड दाखवू नको." "हो याडी," म्हणाला अन् खिडकीपाशी बसला. याडी म्हणजे आमच्यात आई.

१९ ऑगस्ट

आजपासून डबा सुरू. आमच्या फाट्यावर सकाळची पहिली गाडी थांबते. कंडक्टर नौशादभाई पिशवी घेतो, यवतमाळ स्टँडावरच्या बाकावर ठेवतो. आजूबाजूच्या गावांच्या सगळ्या पोरांचे डबे तिथंच उतरतात. पोरं येऊन आपापला उचलतात. संध्याकाळी रिकामे डबे त्याच गाडीनं परत. गेलं वर्षभर असंच चाललं, एकदाही डबा हरवला नाही.

संगीता म्हणते, दादाला मेस लाव. हिला काय जातं म्हणायला. नववीत आहे, अजून भाकरी गोल येत नाही.

७ सप्टेंबर

डबा एकदम साफ येतो. गेल्या साली कारलं दिलं की जसंच्या तसं परत यायचं, मी तो फळीवर आपटायची. आता कारलं असो, आंबाडी असो, कण राहत नाही. घासून धुऊन, पालथा करून पाठवतो. पोरगा मोठा झाला.

नौशादभाई मात्र चहाटळ. आज पिशवी देताना म्हणतो, "चंदाबाई, तुमच्या भाकरीवर स्टँडचे कुत्रे मोटे होऊन राह्यले."

मी म्हटलं, "माही भाकर कुत्र्यानं खावी अशी असते का रे?"

"तसं नाही वो माय," म्हणाला अन् डबल बेल मारली. यानं माझ्या हाताला नावं ठेवायची! यानं चहाची टपरी सोडून काय खाल्लं आयुष्यात?

२१ सप्टेंबर

पिशवीत आज कॅल्क्युलेटर आला. चिठ्ठीत लिहिलं, संगीताला दे, मला आता लागत नाही. दुसऱ्या वर्षाला लागत नसेल. संगीता म्हणे, "याडी, इंजिनियरला तर जास्त लागते." मी म्हटलं, तू इंजिनियर आहेस का? गप ठेव.

औषध मारायचं काम चालू आहे. पूनमसिंग घरी आला की आधी नाकाला वास येतो, मग माणूस दिसतो.

४ ऑक्टोबर

आज चित्रं काढायची मोठी पाटी आली, नौशादभाईनं टपावर टाकून आणली. चिठ्ठी नाही. इथं ती ठेवायची कुठं? म्हशीच्या गोठ्यात आडवी लावली. वारा अडतो.

नौशादभाई म्हणाला, "पोट्टा दिवसभर स्टँडवरच बसला दिसते. मी तीन चकरा मारतो, तीनही वेळा तिथंच."

"अभ्यास करत असन. खोलीत गरम होते."

"हातात पुस्तक तर नसते."

"डोक्यात असते," मी म्हटलं. कंडक्टरला काय कळतं कॉलेजातलं.

१२ ऑक्टोबर

कापसाचा पहिला वेचा सुरू झाला. सीतादही केलं. पऱ्हाटीला पाच फेऱ्या मारल्या, दहीभात ठेवला, मग ओटीत पहिली बोंडं घेतली. बोंडं बारीक आहेत. बीटी म्हणून एवढी नाचवली, अळी तिलाही लागली. परवा पुन्हा टीव्हीवाल्यांची गाडी बोरीकडं गेली. कोणाच्या घरी गेली ते विचारावं लागत नाही आताशा.

दुपारी फुलचंद गुरुजी आले. यवतमाळला मास्तर आहेत, आमच्यातलेच. उमरखेडकडची त्यांची भाची आहे, तिच्यासाठी शामला मागणी घातली. दिवाळीनंतर गूळ वाटून सोयरीक पक्की करू म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. पूनमसिंग "पोराले विचारू" म्हणाला. मी म्हटलं, पोरगा कधी नाही म्हणाला आहे का आपल्याला?

२५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. शाम सकाळी गेला.

इतका चांगला पोरगा कोणाचा नसेल. गोठ्यातला लोंबकळणारा वायर नीट केला. संगीताला गणितं समजावली, एकदाही ओरडला नाही. बापासोबत वावरात जाऊन नुसता बसून राहिला. बाप बोलत नाही, हा बोलत नाही, दोघं वावराच्या कडेला धुऱ्यावर बगळ्यासारखे. भाऊबीजेला संगीताला ओवाळणीत हातातलं घड्याळ काढून दिलं. मी म्हटलं, "तुले पेपरात वेळ कसा कळन?" म्हणाला, "तिथं भिंतीवर असते."

गूळ वाटायचं सांगितलं तर म्हणाला, "तुले बरं वाटते ना, याडी?" मी म्हटलं, मला बरं वाटतं म्हणूनच करते. "मग ठीक आहे."

फक्त खात नव्हता. दिवाळीचं खाऊन पोट भरलं असेल.

३१ ऑक्टोबर

आज डोकं फिरलं. गोठ्याच्या आढ्याला टांगलेली औषधाची बाटली गायब. नवी, न फोडलेली. पूनमसिंगनं फवारायला मागितली तेव्हा कळलं. आमच्या गोठ्याला लागून बाबारावचं वावर आहे. मागच्या साली माझी भाजी चिरायची पावशी नेली ती दिली का त्यानं? सरळ त्याच्या दारात गेले.

"बाबाराव, औषध न्यायचं तर मागून नेत जाय ना. चोरतं कायले?"

"वहिनी, लेकराची आण, मी नाही नेलं."

"मग काय बाटलीले पाय फुटले?"

त्याची बायको मधी पडली. चांगलंच वाजलं आमचं. त्यांच्याकडून आता विरजणही घेणार नाही.

१० नोव्हेंबर

वेचायला बाया मिळत नाहीत. मी अन् संगीता दिवसभर ओणव्या. बोटांच्या टोकांना बोंडाची टरफलं लागून चिरा पडल्या, पेन धरताना दुखतं. शामचा डबा मात्र चुकवला नाही. साफ येतो.

१६ नोव्हेंबर

फुलचंद गुरुजी बाजारात भेटले. म्हणाले, "सोमवारी मी शामच्या कॉलेजात जातो. सरांना भेटतो, चार गोष्टी विचारतो. भाचीचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "खुशाल जा. तिथं सगळे ओळखतात त्याले."

आज डब्यात चिठ्ठी घातली. सोमवारी गुरुजी तुझ्या कॉलेजात येतात. इस्त्रीचा शर्ट घाल. केस कापून घे. सोबत खिरीचं वळवट अन् गूळ दिला.

१८ नोव्हेंबर

संताप संताप झाला माझा. संध्याकाळी डब्यासोबत गाठोडं उतरलं. स्वेटर, चादर, उशीची खोळ, सगळं धुऊन घडी घालून. या थंडीत चादर परत? अन् चिठ्ठी: याडी, उद्यापासून डबा पाठवू नको. तुझे हात दुखतात. संगीताला शिकव. बाबाला सांग, मी ठीक आहे.

नौशादभाई गाडी थांबवून उतरला, असं कधी करत नाही. म्हणाला, "आज त्यानं माहा हात धरला. म्हणे नौशादभाई, वर्षभर डबा आणला, लय झालं तुमचं. असं काहून म्हणाला असन?"

मी म्हटलं, "शिकलेलं पोरगं आहे, आभार मानले. तुमच्याच पोराले कोणी शिकवलं नाही."

तो हसला नाही. म्हणाला, "उद्या पहिल्या गाडीत तुम्ही बसा. तिकीट नका काढू. बसाच."

बसणारच आहे. डबा नको म्हणजे काय? हॉटेलात जेवतो? का कोणी पोरगी रांधून घालते? जाऊन कानाखाली वाजवते. चादर, स्वेटर सगळं डोक्यावर घेऊन जाते.

२० नोव्हेंबर

काल लिहिलं नाही.

त्याची खोली घरमालकीण मलिकाबींच्या घरामागं आहे. मलिकाबी अंगणात गहू निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "अच्छा हुआ आई तू. तुझा पोरगा कालपासून झाडूनपुसून राह्यला. खोली खाली करतो का विचारलं तर नुसता हसला."

दार लोटलेलं. आत गेले अन् ओरडायचं तोंडातच राहिलं. खोलीत काही नव्हतं. गादी गुंडाळलेली, पुस्तकं दोरीनं बांधलेली, वर माझं नाव लिहिलेला कागद. शाम आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भिंतीला टेकून बसलेला. मी सोमवारसाठी सांगितला होता तो शर्ट. मला पाहून दचकला नाही. जागेवरून उठलाच नाही.

मग मला वास आला. बाटली बंद असली तरी तो वास बाहेरून लागलेला असतो, माझ्या घरात रोज येतो. पुस्तकांच्या मागं हात घातला. आमचीच बाटली. बूच तसंच होतं. तसंच होतं हे मी तीन तीनदा पाहिलं.

कानाखाली मारायला गेले होते. हात उचललाच नाही. बाटली ओच्यात खोवली अन् त्याच्यासमोर खाली बसले. सोबत आणलेला डबा उघडला अन् म्हटलं, "खाय."

"भूक नाही, याडी."

"मी विचारलं का भूक आहे का? खाय."

अर्धी भाकर खाल्ली. एक एक घास असा गिळत होता जसं कोणी धोंडे भरवतं. मग तोच बोलला. पहिल्याच वर्षी नापास झाला होता. दुसऱ्या वर्षात तो कधी गेलाच नाही. म्हणाला, सर इंग्रजीत विचारतात, उत्तर तर पुढची गोष्ट, मला प्रश्नच कळत नाही, अन् बाकीचे हसतात. निकालाच्या दिवशी सांगणार होता. घरी आला तर नायकानं हार आणून ठेवलेला.

"मग दिवसभर स्टँडावर काहून बसत होता?"

"तुहा डबा येत होता ना तिथं."

"अन् खात नव्हता?"

"कुत्र्यांले टाकत होतो. भरलेला परत पाठवला असता तर तू आली असती."

मग म्हणाला, "तूच म्हणाली होती, नापास झाला तर तोंड दाखवू नको."

माझं डोकं भणाणलं. म्हटलं, "अरे, मी म्हशीलेही रोज मर म्हणते! मेली का ती? ती ऐकते का माह्यं? तूच येडा सापडला का ऐकायले?"

तो हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. मी त्याचं डोकं धरून ठेवलं. इतका वाळलेला. पाठीचे मणके हाताला मोजता येतात अन् मी डबा साफ आला म्हणून खूश.

मलिकाबी दारात केव्हाच्या उभ्या होत्या. त्यांनी विचारलं नाही काही. माझ्या ओच्यातून बाटली काढली, मागं जाऊन खड्डा करून पुरली, साबणानं दोनदा हात धुतले. म्हणाल्या, "आज माझ्याकडं थांबा. सकाळी सरकारी दवाखान्यात घेऊन जा, तिथं मनाचा डॉक्टर आहे. माझ्या भावाला नेलं असतं तर तो असता."

मी म्हटलं, "माहा पोरगा येडा नाही."

"येडा कोण म्हणतं? ताप आला तर नेत नाही का?"

आज सकाळी नेलं. डॉक्टर पोरगेलासा होता, बराच वेळ त्याच्याशी एकटा बोलला. मला म्हणाला, गोळ्या चुकवू नका, याला एकटं सोडू नका, अन् बाई, थोडं कमी बोला. मी म्हटलं, पहिली दोन जमतील.

संध्याकाळच्या गाडीनं दोघं परत आलो. नौशादभाईनं तिकीट फाडलंच नाही. शामला पाहून इंजिनाकडं तोंड फिरवलं अन् उगाच ड्रायव्हरवर ओरडला.

२१ नोव्हेंबर

सकाळी सकाळी फुलचंद गुरुजी. काल कॉलेजात जाऊन आलेले. अंगणातच उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "चंदाबाई, दुसऱ्या वर्षात तुमच्या पोराचं नावच नाही. फसवलं तुम्ही आम्हाला."

शाम घरात होता. मी दाराकडं पाहिलं. आवाज अजून चढवला असता तर आत काय झालं असतं मला माहीत नाही. म्हटलं, "हो गुरुजी. नापास झाला. मले परवाच कळलं. भाचीसाठी दुसरा पाहा, चांगला मिळन. चहा घेऊन जा."

चहा घेतला नाही.

मग मी हंडा घेऊन हापशीवर गेले. सगळ्या बाया होत्या. म्हटलं, आता ही गोष्ट तांडाभर फिरणार, तर माझ्याच तोंडातून फिरू दे. "ऐका वो सगळ्या. माहा शाम नापास झाला, इंजिनियर होत नाही, घरी आला आहे. कोणाले काही विचारायचं असन तर मले विचारा. त्याले एकीनंही विचारलं तर तिच्या दारात येऊन बसीन."

हापशीचा दांडा थांबला. मग बसंतीबाई, नायकाची बायको, पाणी ओतत म्हणाली, "बस बाई, तू दारात बसण्यापेक्षा नाही विचारत."

बाबारावच्या घरी जायचं आहे. बाटलीचं सांगणार नाही, पण त्यानं नेली नव्हती एवढं सांगणार. पूनमसिंग म्हणतो मी जातो. त्याला बाटलीचं सांगितलं तेव्हा "हं" म्हणाला नाही. गोठ्यात गेला, बराच वेळ आला नाही. आता घरात औषध ठेवत नाही, नायकाकडं कुलपात ठेवलं.

३ डिसेंबर

शाम सोबत वेचायला येतो. मी त्याला नजरेआड होऊ देत नाही. तो परसाकडं गेला तरी मी धुऱ्यावर. त्याला कळतं, बोलत नाही.

वेचणी त्याची बेकार. किडकी कवडी बोंडं चांगल्या कापसात मिसळतो, पाला तसाच. मी म्हटलं, "असा कापूस कोणी दारात उभा करणार नाही." मग डॉक्टर आठवला अन् गप्प बसले. गप्प बसणं फार अवघड काम आहे, पऱ्हाटी वेचण्याहून.

दुपारी भाकर खाताना विचारलं, "मग तुले काय शिकायचं?"

"माहीत नाही."

"काहीतरी आवडत असन."

"शाळेत भूगोल आवडत होता. नकाशे."

"भूगोल शिकून काय होते?"

"माहीत नाही म्हटलं ना."

मला राग आला होता. पण हे तरी खरं बोलला. दुसऱ्या वर्षात गेलो म्हणाला होता तेव्हा किती गोड वाटलं होतं मला.

दीड भाकर खाल्ली.

१४ डिसेंबर

आज दारव्ह्याच्या कॉलेजात बी.ए.चं विचारायला जातो म्हणाला. मी लुगडं बदलायला उठले. म्हणाला, "एकटा जातो, याडी."

"डॉक्टर नाही म्हणाला."

"परवा दवाखान्यात तोच म्हणाला, आता थोडं थोडं जाऊ द्या. तू बाहेर भांडत होती चिठ्ठीवाल्याशी."

खरंच भांडत होते. पूनमसिंग म्हणाला, "जाऊ दे." हा माणूस स्वतःहून काही म्हणतो ते वर्षात दोनचारदा. मी जाऊ दिलं. गाडी दिसेनाशी झाली तसं घरात आले, त्याची पिशवी झाडली, उशीखाली पाहिलं, गोठा पाहिला, आढं पाहिलं. काही नव्हतं. काही नव्हतं तरी पुन्हा सगळं पाहिलं. वेचायला गेलेच नाही. संगीता शाळेतून आली तर म्हणे, "याडी, तू जेवली नाही?" मी तिलाच ओरडले.

चारची गाडी आली. त्यात नव्हता. साडेपाचची आलीच नाही. मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. ऊन उतरलं. गुरं घरी गेली. कापसानं भरलेली बैलगाडी गेली, तिच्यातल्या माणसाला विचारलं, रस्त्यात कुठं काही झालं का. तो म्हणे, काय होणार? काय होणार ते मी कसं सांगू त्याला. नायकाला बोलवावं का, दारव्ह्याकडं माणूस पाठवावा का, की आपणच चालायला लागावं. चालायला लागले.

वळणावर पोचले तर समोरून चालत येतोय. चपला हातात, पायजमा गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेला.

"कोठी होता इतका वेळ?" मी अशी ओरडले की झाडावरचे बगळे उडाले.

तो माझ्याहून जोरात ओरडला, "गाडी फेल झाली, याडी! मी का ढकलू तिले? ढकललीही, अर्धा कोस! माही चप्पल तुटली! अन् तू अशी रस्त्यावर काहून उभी? लोक काय म्हणतीन?"

"लोकांचं मले सांगू नको!"

"मग रोज अशी उभी राहशीन का? जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की रोज?"

जूनमध्ये म्हणाला. मी त्याच्या हातातल्या चपला घेतल्या अन् घराकडं वळले. सगळ्या रस्त्यानं तो बडबडत होता. गाडीचं, कारकुनाचं, चपलेचं, माझं. आईशी असं बोलतात का हे त्याला शिकवायचं आहे. सावकाश शिकवीन. आज बोलू दिलं.